नाव राहिले, नाव गेली : ब्रिटिश बांधणीच्या युद्धनौकांचे भारतातील उत्तरायुष्य

मराठीत 'नाव' हे एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत. एक नपुंसकलिंगी, संस्कृत 'नामन्'पासून आलेला. दुसरा स्त्रीलिंगी, 'नौ' या शब्दाशी संबंधित असलेला. जुन्या लेखनपद्धतीत पहिल्यावर अनुस्वार देऊन हा भेद डोळ्यांना दाखविला जाई. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी तो अनुस्वार गेला आणि भेद ओळखण्याचे काम लिंगावर व संदर्भावर येऊन पडले. ही केवळ व्याकरणातील गंमत म्हणून येथे नोंदविलेली नाही. ब्रिटनकडून भारताकडे आलेल्या जुन्या युद्धनौकांचे पुढे काय करावे, या प्रश्नावर गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात जो वाद झाला, त्याचे मर्म या दोन शब्दांच्या घोटाळ्यात सापडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नाशिकसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावी बसून नौकांविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर देवळालीत आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत ब्रिटिश सैनिक देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून राहत. त्या रिकामपणात कित्येकांना ताप येई, कित्येकांचे चित्त थाऱ्यावर राहत नसे. त्यांच्या बोलीत 'देवळाली'चे 'डूलॅली' झाले, आपला 'ताप' 'टॅप' होऊन त्यास जोडला गेला, आणि भ्रमिष्ट या अर्थाचा तो शब्द इंग्रजी कोशांत कायमचा जाऊन बसला. सैनिक गेले, त्यांना नेणारी जहाजे गेली, शब्द राहिला. पुढे याच देवळालीत आपल्या तोफखान्याचे विद्यालय नांदले. तोफांच्या परिभाषेतही हाच प्रकार दिसतो. 'पंचवीस पौंडी' ही ब्रिटिश तोफ गोळ्याच्या वजनावरून ओळखली जाई. देशाने दशमान पद्धती स्वीकारून कित्येक वर्षे लोटली तरी प्रजासत्ताकदिनाची सलामी तीच देत होती. २०२३ च्या २६ जानेवारीस तिची जागा १०५ मिलिमीटरच्या भारतीय तोफेने घेतली. तोफ हलविणे तुलनेने सोपे असते. ती एखाद्या चौकात किंवा कवायतीच्या मैदानाच्या कडेस उभी करता येते. सातशे फूट लांबीच्या नौकेचे तसे नाही.

'विक्रांत'ची हकीगत ठाऊक असली तरी तिच्यातील तारखा एकदा क्रमाने पाहणे इष्ट आहे. टाइन नदीकाठच्या गोदीत १९४३ च्या ऑक्टोबरात 'हर्क्युलिस' या नावाने तिची बांधणी सुरू झाली; २२ सप्टेंबर १९४५ रोजी तिचे जलावतरण झाले. तोवर युद्ध संपले होते. सुमारे तीनचतुर्थांश काम झाले असता १९४६ च्या मे महिन्यात ते थांबविण्यात आले. म्हणजे या नौकेचे पुढे काय करावे हा प्रश्न प्रथम ब्रिटनलाच पडला होता, आणि दहा वर्षे त्याचे उत्तर मिळाले नव्हते. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली; बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत ती पूर्ण झाली; ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईस आली. तिचे बोधवाक्य ऋग्वेदातून घेतले होते. १९७१ च्या डिसेंबरात तिच्यावरील सी हॉक व अलिझे विमानांनी चित्तगाव व कॉक्स बाजार येथे केलेल्या हल्ल्यांमुळे हे नाव घराघरांत पोहोचले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : 'हर्क्युलिस' या नावाने ही नौका एकही लढाई लढली नाही. तिचे सर्व पराक्रमी आयुष्य 'विक्रांत' या नावाखालीच गेले. तेव्हा ती 'ब्रिटिश' म्हणावी की 'आपली', या प्रश्नाचे उत्तर पोलादाकडे पाहून एक येते आणि सेवेच्या नोंदींकडे पाहून दुसरे.

मराठी वृत्तपत्रांनी या बाबतीत काही न ठरवता निकाल देऊन टाकला होता. 'विक्रांत' हे मुळात पुल्लिंगी रूप. पण मराठी बातमीत 'विक्रांत आली', 'विक्रांत निघाली' असेच छापले गेले. 'जहाज' म्हटले असते तर नपुंसकलिंग आले असते. 'नौका' हा शब्द मनात गृहीत धरून नावाचे लिंग बदलले गेले. परकी वस्तू घरची झाल्याची एवढी निःसंदिग्ध खूण दुसरी क्वचितच मिळेल.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवेतून निवृत्त झाली आणि खऱ्या वादास तोंड फुटले. या वादात वापरले गेलेले शब्द बारकाईने पाहण्यासारखे आहेत. नौदलाच्या भाषेत नौका 'सेवामुक्त' होते. वृत्तपत्रांच्या भाषेत ती 'निवृत्त' होते, म्हणजे तिला पेन्शन मिळावे अशी अपेक्षा त्या क्रियापदातच दडलेली असते. सरकारी कचेरीत जुन्या वस्तूचे 'निर्लेखन' होते. वहीतून नोंद काढली की वस्तू संपली. आणि बाजारात ती 'मोडीत' निघते. चार मंडळी एकाच नौकेविषयी बोलत होती, पण प्रत्येकाच्या शब्दात नौकेचे पुढील भवितव्य आधीच ठरलेले होते. वाद जुळेना यात नवल नाही.

२००१ मध्ये ती संग्रहालय म्हणून लोकांस खुली झाली. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत रांगेत उभे राहून ती पाहिली आहे. आठवते ते एवढेच, की उड्डाणपट्टीवर उभ्या असलेल्या लोकांपैकी निम्मे तिला हाताने चाचपून पाहत होते. २०१२ च्या नोव्हेंबरात सुरक्षिततेच्या कारणावरून ते दालन बंद झाले. पुढे राज्य शासनाने आर्थिक असमर्थता दर्शविली, खाजगी भांडवल पुढे आले नाही, आणि डिसेंबर २०१३ मध्ये लिलावाचा निर्णय झाला. लिलाव थांबविण्यासाठी केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. सुमारे ६० कोटी रुपयांस नौका विकली गेली, सर्वोच्च न्यायालयातही २०१४ मध्ये याचिका टिकली नाही, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात ती तोडण्यास आरंभ झाला. तोडली ती दारूखान्यात. 'दारूखाना' म्हणजे बंदुकीच्या दारूचे कोठार. शेजारच्या बंदराचे इंग्रजी नाव पावडर वर्क्स बंदर. जेथे एके काळी युद्धसामग्री साठविली जाई, तेथेच आता युद्धसामग्री मोडली जाते. दारू गेली, ठिकाणाचे नाव मात्र तसेच आहे.

'भंगार' या शब्दाविषयी एक अवांतर नोंद करावीशी वाटते. कोंकणीत 'भांगर' म्हणजे सोने. कन्नडात 'बंगार' म्हणजे सोनेच. जुन्या मराठीतही 'भांगार' हा शब्द सोन्याच्याच अर्थी येतो. मराठीतील 'भंगार' मात्र 'भंग'शी नाते सांगणारा. दोहोंचे मूळ एक नव्हे, आणि तसे भासवणे शास्त्रास धरून होणार नाही. तरीही मुंबईच्या बाजारातील पोलादाच्या दरांची चर्चा ऐकणाऱ्यास हे ध्वनिसाम्य अगदीच निरर्थक वाटणार नाही. विक्रांतच्या पोलादाचा काही अंश पुढे बजाजच्या मोटारसायकलींत गेला आणि त्या गाड्या २०१६ मध्ये 'व्ही' या अक्षराने बाजारात आल्या. पूर्ण नावातील एक अक्षर, आणि पूर्ण नौकेतील थोडे पोलाद.

'विराट'ची कथा नावांच्या दृष्टीने अधिक गुंतागुंतीची आहे. १९४४ मध्ये बॅरो येथे 'एलिफंट' या नावाने तिची बांधणी सुरू झाली. 'हर्मिस' नावाच्या दुसऱ्या नौकेची मागणी रद्द झाल्यावर ते नाव हिला मिळाले. १९५९ मध्ये ती ब्रिटिश नौदलात दाखल झाली आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात तेथील ताफ्याची ध्वजनौका होती. १९८७ च्या मे महिन्यात ती 'विराट' झाली. हत्तीपासून विराटापर्यंतचा हा प्रवास योगायोगाचा असला तरी मनोज्ञ आहे. मार्च २०१७ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा तिच्यावर दोन राष्ट्रांच्या आठवणींचा हक्क होता. ब्रिटनमध्ये तिला परत नेण्यासाठी लोकवर्गणीचा प्रयत्न झाला, तो फसला. इकडे महाराष्ट्र मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंधुदुर्गातील निवती येथे तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. योजना कागदावर राहिली. २०२० मध्ये ३८ कोटी ५४ लाखांस ती विकली गेली आणि सप्टेंबरअखेर गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढविली गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडकामास स्थगिती दिली. एप्रिलमध्ये ती उठली तेव्हा सुमारे चाळीस टक्के नौका तुटून गेली होती. ८५२ आणि ३८ या दोन आकड्यांतील अंतर पाहिले म्हणजे हा वाद केवळ अनास्थेचा नव्हता हे कोणासही पटेल. लांब पोलादी नौका खाऱ्या पाण्यात उभी ठेवणे हा न संपणारा खर्च असतो, आणि भावनेच्या भरात मान्यता देणारे शासन दरवर्षीच्या अंदाजपत्रकात तीच भावना पुन्हा मांडू शकत नाही. विशाखापट्टणमने २००२ मध्ये 'कुरसुरा' ही पाणबुडी वाळूवर आणून उभी केली व ती टिकविली. पण ती नव्वद मीटरांची, कोरड्या जागी बसविलेली, आणि सांभाळणारी स्थानिक संस्था आरंभापासून निश्चित असलेली. आकार आणि पालकत्व या दोन्ही बाबतींत विक्रांत-विराटची तुलना तिच्याशी करणे अन्यायाचे आहे.

ब्रिटनमध्ये मात्र जतनाची परंपरा अखंड होती, असा आपल्याकडे एक समज आहे, तोही तपासून घ्यावा. १९४९ च्या डिसेंबरात त्यांनी 'इम्प्लॅकेबल' ही जुनी लाकडी नौका खर्च परवडेना म्हणून समुद्रात बुडविली. त्या घटनेची बोच पुढील पिढ्यांना लागून राहिली, आणि १९७१ मध्ये 'बेलफास्ट' वाचली तिला ही पार्श्वभूमी होती. विमानवाहू नौकांच्या बाबतीत तर ब्रिटनची पाटी कोरीच आहे. अमेरिकेत अशा पाच नौका संग्रहालये म्हणून उभ्या आहेत. ब्रिटिश बांधणीची एकही निवृत्त विमानवाहू नौका आज जगात शिल्लक नाही. ब्राझीलने वापरलेली 'व्हेन्जन्स' २००४ मध्ये अलंगलाच तुटली. क्रूझर 'अकिलिस' आपल्याकडे १९४८ मध्ये 'दिल्ली' झाली, १९६१ मध्ये दीवच्या कारवाईत लढली आणि १९७८ मध्ये निवृत्त होऊन मोडीत निघाली. तिच्या तोफांचा एक बुरूज न्यूझीलंडला भेट दिला गेला, कारण १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत तिच्यावर न्यूझीलंडचे नाविक होते. तो बुरूज आजही ऑकलंडच्या नाविक तळाच्या दाराशी आहे.

या सर्वांच्या उलट टोकास एक उदाहरण आहे आणि ते मुंबईचेच आहे. १८१७ च्या ऑक्टोबरात जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट ब्रिटिश नौदलासाठी बांधून पाण्यात सोडली. तिचे आराखडे घेऊन निघालेली 'जावा' ही नौका १८१२ च्या अखेरीस अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने बुडविली. आराखडे पुन्हा धाडावे लागले. गंमत अशी की ती 'कॉन्स्टिट्यूशन'ही १८३० मध्ये मोडीत निघणार अशी बातमी पसरली असता एका तरुण कवीच्या कवितेने उठलेल्या लोकमतामुळे वाचली व बॉस्टनला आहे. 'ट्रिंकोमाली'स १८९७ नंतर 'फूद्रॉयां' हे उसने नाव देण्यात आले, त्या नावाने ती जवळजवळ शंभर वर्षे वावरली, आणि १९९२ मध्ये मूळ नावाकडे परतली. ती आज हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. म्हणजे त्यांनी नाव बदलले आणि लाकूड राखले. आपण पोलाद जाऊ दिले आणि नाव राखले : २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे दाखल झालेल्या स्वदेशी विमानवाहू नौकेचे नाव 'विक्रांत', बोधवाक्य तेच, बाजूवरील आर ११ हा क्रमांकही तोच.

यातील एक रीत श्रेष्ठ व दुसरी हीन, असे म्हणण्यास मी तयार नाही. आपल्या किनाऱ्यावर नौकेचे शरीर टिकविण्याची परंपरा मुळातच क्षीण आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून गेले. त्या मोहिमेत इंग्रजांसोबत पेशवेही होते, हे सांगताना आपला इतिहास थोडा अडखळतो. शिवकालीन वा आंग्रेकालीन एकही गुराब पाहावयास मिळत नाही. पण गुराब, गलबत, शिबाड, तरांडे, मचवा, पडाव हे शब्द कागदोपत्री व काही अंशी किनाऱ्यावरच्या बोलीत जिवंत राहिले. 'आरमार' हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द तर इतका मुरला की आज्ञापत्रात तो स्वतंत्र प्रकरणाचा विषय झाला. शब्दांतून नौका सांभाळण्याची ही सवय जुनी आहे. तिचा तोटा असा, की शब्द सांभाळला म्हणजे वस्तूही सांभाळली असे समाजास वाटू लागते. २०२२ नंतर विक्रांतच्या मोडीचा उल्लेख सार्वजनिक चर्चेतून जवळजवळ नाहीसा झाला, याचे कारण मला हेच दिसते.

आमच्या विद्यार्थ्यांसाठी यातून एक काम मात्र उरते. दारूखान्यात नौका तोडणाऱ्या कामगारांच्या बोलीत मराठी, हिंदी, भोजपुरी, गुजराती आणि इंग्रजी गोदीशब्द एकत्र नांदतात. नौकेच्या कोणत्या भागास ते काय म्हणतात, बांधणाऱ्यांच्या परिभाषेतील कोणता शब्द तोडणाऱ्यांपर्यंत कोणत्या रूपात पोहोचला, याचा संग्रह करण्यास भांडवल लागत नाही. लोहमार्गाने रे रोड स्थानकापर्यंत जावे लागते आणि एक वही लागते. ते काम विक्रांत तुटत असताना करावयास हवे होते.