हवेची बंदूक

वऱ्हाडांतील मोठ्या यात्रांमध्यें पाळण्याच्या शेजारीं एक दुकान बहुधा असतेंच. मागें फळीवर रंगीबेरंगी फुगे लावलेले, पुढें एक बांकडें, आणि त्यावर टेकवून ठेवलेली एक झिजलेली बंदूक. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा यांकडील मुलगा आयुष्यांत पहिल्यानें बंदूक हातीं धरतो ती बहुतेक याच दुकानांत. या बंदुकीला दारू लागत नाहीं, काडतूस लागत नाहीं, आणि सरकारी परवानाही लागत नाहीं. म्हणून तें एक खेळणें आहे असा सर्वांचा समज होऊन बसला आहे. हा समज कितपत खरा, हें तिच्या इतिहासांत शिरल्यावांचून सांगतां येणार नाहीं. कारण ही बंदूक जगांत नांवारूपाला आली ती खेळणें म्हणून नव्हे, तर सैन्याचें शस्त्र म्हणून.

हवेच्या जोरावर गोळी फेकण्याची कल्पना जुनी आहे. तिला लष्करी रूप दिलें तें टायरोल प्रांतांतील बार्थोलोमेउस गिरार्दोनी या कारागिरानें, इ. स. १७८० च्या सुमारास. ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठीं त्यानें बनविलेल्या बंदुकीचा दस्ता म्हणजे दाबलेली हवा भरलेली लोखंडी कुपी होती, व नळीच्या अंगाला वीस गोळ्या मावतील अशी दुसरी नळी बसविलेली होती. साधा शिपाई दारू ठासून मिनिटाला दोनतीन बार काढी. हा शिपाई एकामागून एक गोळ्या सोडीत राही, आणि धूर मुळींच नसल्यामुळें तो कोठें दडला आहे हें शत्रूला उमगत नसे. परंतु एक कुपी भरावयाची तर हातपंपाचे सुमारें दीड हजार दट्टे मारावे लागत; जोडांतून हवा निसटे; आणि रणांगणावर असल्या नाजूक यंत्राची दुरुस्ती करणारे हात थोडे. १८१५ च्या सुमारास ती सैन्यांतून गेली. १८०४ ते १८०६ या वर्षांत अमेरिकेच्या पश्चिम भागाचा शोध घेणाऱ्या लुइस व क्लार्क यांच्या तुकडीजवळही एक हवेची बंदूक होती. वाटेंत भेटणाऱ्या टोळ्यांपुढें तिचे बार काढून दाखविले जात, आणि बिनधुराची ती बंदूक पाहून लोक थक्क होत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कुपीच्या जागीं स्प्रिंग आली, आणि ही बंदूक सामान्य माणसाच्या आटोक्यांत आली. नळी मधोमध मोडून खालीं ओढली कीं आंतील पोलादी स्प्रिंग दबते. चाप ओढतांच ती सुटून दट्ट्याला पुढें ढकलते, दट्ट्यापुढील हवा क्षणार्धांत दाबली जाते, आणि ती हवा छऱ्याला नळीबाहेर फेकते. पंप नको, कुपी नको. हाताचा एक हिसका पुरे. अमेरिकेंत मिशिगन प्रांतांतील प्लिमथ गांवीं शेतकऱ्यांसाठीं पवनचक्क्या बनविणारा एक कारखाना होता. १८८८ सालापासून तो पवनचक्की घेणाऱ्याला एक लहानशी हवेची बंदूक भेट देऊं लागला. थोड्याच काळांत गिऱ्हाइकें पवनचक्कीपेक्षां बंदूकच अधिक मागूं लागलीं, आणि १८९५ सालीं कारखान्यानें आपलें नांव टाकून बंदुकीचें ‘डेझी’ हेंच नांव घेतलें. जर्मनींत रास्टाट येथें १८९० मध्यें निघालेल्या कारखान्याच्या ‘डायना’ बंदुकाही याच सुमारास जगभर जाऊं लागल्या.

इंग्लंडांत या साधनाला एक निराळेंच महत्त्व आलें. १८९९ ते १९०२ पर्यंत चाललेल्या बोअर युद्धांत बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमापुढें ब्रिटिश फौजेची पुष्कळ वेळां फजिती झाली. आपल्या सामान्य माणसाला नेम धरतां येत नाहीं, याची त्या राष्ट्राला लाज वाटली. १९०१ सालीं कामगारांच्या रायफल-क्लबांची एक संस्था निघाली, आणि लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारख्या सेनापतीनें तिचा पुरस्कार केला. पण खरी रायफल आणि तिचीं काडतुसें कामगाराच्या खिशाला परवडेनात. तेथें हवेची बंदूक कामास आली. गुत्त्यांतून व क्लबांतून लोखंडी तबकडी टांगलेली असे; तिच्या मध्यभागीं हरभऱ्याएवढें भोंक, आणि मागें एक घंटा. छरा भोंकांतून गेला तर घंटा वाजावयाची, नाहीं तर मुकाट्यानें पुढच्याच्या हातीं बंदूक द्यावयाची. बर्मिंगहॅमचा बंदूकवाला लिंकन जेफ्रीज यानें १९०४ सालीं एका चांगल्या हवेच्या बंदुकीचें पेटंट घेतलें, आणि १९०५ पासून तेथील बी. एस. ए. हा मोठा कारखाना तिचें उत्पादन करूं लागला.

याच राज्यकर्त्यांचें हिंदुस्थानांतील धोरण नेमकें उलट होतें. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत शस्त्रांचा कायदा झाला. त्यानें हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणें गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र त्यांतून सूट मिळाली. हा जातिभेद पुढें १९२० च्या नियमांनीं काढण्यांत आला. परंतु मधल्या चाळीस वर्षांत एक संपूर्ण पिढी शस्त्राशिवाय वाढली होती. १८८७ सालीं मद्रासच्या राष्ट्रीय सभेनें या कायद्याविरुद्ध ठराव केला, तो केवळ बंदुका मिळाव्या म्हणून नव्हे. प्रजेवर अविश्वास दाखविणारा कायदा प्रजेचा पुरुषार्थ खचवितो, हें त्या तक्रारीचें मर्म होतें. वऱ्हाड नांवाला निजामाचें असलें तरी १८५३ पासून त्याचा कारभार इंग्रजांच्याच हातीं होता. ज्या १९०५ सालीं बर्मिंगहॅमच्या कामगारासाठीं स्वस्त बंदूक निघाली, त्याच १९०५ सालीं वाशीम जिल्हा मोडण्यांत आला. वाकाटकांची वत्सगुल्म ही राजधानी ज्या भूमीवर नांदली, तेथील शेतकऱ्याच्या घरीं आतां रानडुकरांना हुसकावयास गोफणच काय ती उरली होती.

स्वातंत्र्यानंतर हें चित्र पालटण्याचा आरंभ एका मराठी माणसानें केला, आणि तो माणूस सेनापति नव्हता. दादासाहेब मावळंकर, म्हणजे गणेश वासुदेव मावळंकर, यांचें घराणें मूळचें कोंकणांतलें. जन्म १८८८ सालीं बडोद्यास, आणि वकिली अहमदाबादेस. गांधीजींच्या चळवळींत त्यांनीं अनेकदां तुरुंगवास भोगला, आणि पुढें ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. १९५१ सालीं नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकारानें. अहिंसेच्या मार्गानें चाललेल्या सत्याग्रह्यानें रायफलीची संस्था काढावी, हा वरवर पाहतां विरोध दिसेल. परंतु दुबळेपणाला अहिंसा म्हणत नाहींत, हें गांधीजींचेंच सांगणें होतें. ज्याचा हात स्थिर आहे आणि मन ताब्यांत आहे, त्याच्याच संयमाला मोल. आज देशांतील नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत नेणारी पायरी मावळंकरांच्याच नांवानें ओळखली जाते.

पुढें १९५९ चा नवा शस्त्रकायदा आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. सौम्य शक्तीच्या हवेच्या बंदुकीला परवान्याची अट नाहीं, हें धोरण पुढें टिकलें. २०१६ च्या नियमांप्रमाणें जिचें तोंड .१७७ इंचांचें, म्हणजे साडेचार मिलिमीटरचें, आणि जिच्या छऱ्याची नळीच्या तोंडाशीं असलेली शक्ति २० ज्यूलांच्या आंत, ती बंदूक विनापरवाना घेतां येते. दुकानदार ओळखीचा पुरावा मात्र मागतो. याहून रुंद तोंडाची किंवा अधिक शक्तीची बंदूक परवान्याच्या कक्षेंत जाते. माल देशी मिळण्याचीही सोय झाली. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहांतील, १९२६ सालीं निघालेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीनें सिमेंटच्या नळांबरोबर हवेच्या रायफलीही बनविल्या, आणि अनेक हौशी नेमबाजांचा पहिला धडा त्या रायफलींवर झाला.

तिकडे जगांत या खेळाची प्रतिष्ठा वाढतच होती. १९६६ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेंत आणि १९८४ पासून ऑलिंपिकमध्यें दहा मीटर एअर रायफलीचा समावेश झाला. निशाणाच्या कागदावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. टांचणीच्या टोकाहून फारसा मोठा नाहीं. मुंबईच्या कीर्ति महाविद्यालयांत एन. सी. सी. मधून बंदूक हातीं घेतलेल्या अंजली भागवत २००० सालीं सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत पोहोंचल्या, आणि २००३ मध्यें मिलान येथील विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेंत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. सुमा शिरूर यांनीं २००४ सालीं क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेंत चारशेंपैकीं चारशें गुण नोंदविले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें या प्रकाराचा जगज्जेता झाला. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडी या खेड्याच्या स्वप्नील कुसाळे यानें २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर रायफलीचें कांस्यपदक आणलें. खेड्यांतील मुलाला हा खेळ अशक्य नाहीं, हें त्यानें सिद्ध केलें.

इतिहासाचा हा धडा बंदूक विकत घेणाऱ्याच्याही उपयोगाचा आहे. नवखा गिऱ्हाईक दुकानांत गेला कीं प्रथम विचारतो, हिचा जोर किती? हा प्रश्न चुकीचा आहे. ऑलिंपिकच्या रायफलीचा छरा सेकंदाला सुमारें १७५ मीटर वेगानें जातो, आणि त्याची शक्ति कायद्यानें मोकळ्या ठेवलेल्या मर्यादेच्या निम्मीही नसते. दहा मीटरवरील कागद फाडावयास त्याहून अधिक जोर लागत नाहीं. अधिक जोराची स्प्रिंग म्हणजे अधिक हिसका, आणि अधिक हिसका म्हणजे बिघडलेला नेम. स्पर्धेंतील रायफलीची किंमत लाखांच्या घरांत असते, तर घरगुती सरावाची देशी बंदूक कांहीं हजारांत मिळते. शिकाऊ माणसाला ही दुसरी पुरेशी आहे. नळीचा सांधा ढिला नाहीं ना, पुढील माशी व मागील खांच घट्ट बसल्या आहेत ना, चाप झटका न देतां सुटतो ना, आणि दस्ता घेणाऱ्याच्या खांद्याला व हाताला जमतो ना, एवढें पाहून घ्यावें. मुलासाठीं घ्यावयाची असेल तर ती त्याला न थकतां उचलतां व मोडतां आली पाहिजे.

वापरण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. स्प्रिंगच्या बंदुकीला दोन हिसके असतात: स्प्रिंग सुटतांना एक मागें, आणि दट्ट्या आदळतांना एक पुढें, आणि तेवढ्या वेळांत छरा अद्याप नळींतच असतो. म्हणून ती आवळून धरूं नये. उघड्या तळहातावर अलगद टेकवावी, आणि दर वेळीं त्याच जागीं टेकवावी. छऱ्याशिवाय चाप ओढूं नये. पुढें हवेची उशी नसल्यानें दट्ट्या थेट आदळतो आणि बंदूक खिळखिळी होते. दट्ट्याच्या नळकांड्यांत वाटेल तें तेल घालूं नये. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें तें पेट घेतें. कागदावर मारावयास चपट्या तोंडाचे शिशाचे छरे उत्तम, कारण ते स्वच्छ वाटोळें भोंक पाडतात. छरे हाताळल्यावर हात धुवावे. शिसें विषारी आहे. निशाणामागें दगडी किंवा सिमेंटची भिंत नसावी, तींवरून छरा उसळून परत येतो. वऱ्हाडांतील जुन्या घरांची पांढऱ्या मातीची जाड भिंत, किंवा वाळूनें भरलेलें पोतें, हा त्यावर उत्तम उपाय. आणि बंदूक भरलेली असो वा नसो, तिचें तोंड माणसाकडे कधींही वळवूं नये. साडेचार मिलिमीटरचा छरा डोळा घालविण्यास पुरेसा आहे.

१ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. याच जिल्ह्यांत काळविटांसाठीं राखलेलें कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. हवेची बंदूक हातीं आली कीं प्रथम मोह होतो तो झाडावरच्या पोपटाचा, नाहीं तर पारव्याचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें रानांतल्या पशुपक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी नेमबाजाच्या दृष्टीनें ती गोष्ट हलकी आहे. फांदीवर बसलेला पक्षी टिपण्यांत कौशल्य थोडें व क्रौर्य फार. कागदावरचा ठिपका कोणावर दया करीत नाहीं व कोणाची स्तुतिही करीत नाहीं. हात हलला तर हलला एवढेंच तो सांगतो.

परदेशी सत्तेनें या देशाच्या सामान्य माणसावर विश्वास ठेवला नाहीं. स्वराज्यानें या एका साधनापुरता तरी तो ठेवला आहे. परवान्याची अट नाहीं, याचा अर्थ जबाबदारी नाहीं असा नव्हे. उलट पोलिसाच्या जागीं येथें मालकाची सद्सद्विवेकबुद्धि नेमलेली आहे. एका मुलाचा डोळा गेला, एका गल्लींतले पक्षी मेले, कीं हें दार बंद करा असें म्हणणाऱ्यांना आधार मिळतो; आणि तें बंद झालें तर नुकसान होईल तें श्रीमंताचें नव्हे, तर ज्याच्याजवळ दहा मीटरांची पडवी, एक मातीची भिंत आणि शिकण्याची हौस एवढेंच भांडवल आहे, त्या खेड्यांतल्या मुलाचें आणि मुलीचें. म्हणून ज्या घरांत ही बंदूक येईल, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलाला नेम शिकविण्यापूर्वीं ती कुलपांत ठेवावयास शिकवावें.