हलू नका!

डिसेंबरात शाळांच्या क्रीडास्पर्धा लागल्या की खोडाळ्यात मला एक प्रश्न हमखास येतो. भाचे असोत, पुतणे असोत की गावातले नवे हौशी फोटोवाले, सगळे हेच विचारतात, "शटर किती ठेवू?" उत्तर एका ओळीत देता येतं. पण त्या आकड्यामागचा इतिहास मला आकड्यापेक्षा जास्त आवडतो, म्हणून आज जरा ऐसपैस लिहितो.

१८३९ साली फोटोग्राफी जगासमोर आली तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची. धावणारा सोडाच, रस्त्याने चालणारा माणूसही फोटोत उमटत नसे. पुढे प्लेटा सुधारल्या, पण स्टुडिओवाल्याचं "हलू नका!" काही सुटलं नाही. आपल्या पणजोबांचे फोटो आठवा. ताठ मान, गुडघ्यावर हात, चेहऱ्यावर हसू नाही. मंडळी काही खडूस नव्हती हो. त्यांना तसं बसवलेलं असायचं.

ही बैठक पहिल्यांदा मोडली ती एका घोड्याने! १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने मांडले. घोडा पुढे जाईल तशा वाटेतल्या तारा ओढल्या जायच्या आणि एकेक शटर उघडायचं. चौखूर धावताना घोड्याचे चारही पाय क्षणभर हवेत असतात हे त्यातून सिद्ध झालं. गंमत म्हणजे चित्रकार दाखवत तसे ते पाय पुढेमागे फाकलेले नव्हते, पोटाखाली गोळा झालेले होते. शेकडो वर्षं माणसाने घोडा पाहिला, पण त्याचं धावणं दिसलं ते कॅमेऱ्याला.

आपल्याकडे काय होतं? १९११ साली भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. बाळू पालवणकरांनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. पण मी पाहिलेले त्यांचे फोटो सगळे पोझ देऊन काढलेले. चेंडू हातातून सुटताना ते कसे दिसत असतील, हे मला कुठल्याही फोटोत सापडलेलं नाही.

१९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि कॅमेरा तिपाईवरून हातात आला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्याच बर्लिनमध्ये लेनी रीफेनस्टाल यांची माणसं मैदानात खड्डे खणून, खालून वर बघत खेळाडूंचं चित्रण करत होती. त्यामागचा प्रचाराचा हेतू नाझींचा होता, तो विसरायचा नाही. पण खाली बसून पाहिलं की खेळाडू आकाशावर उमटतो, हा धडा तिथूनच जगभर गेला. १९६० च्या डिसेंबरात ब्रिस्बेनला कसोटी बरोबरीत सुटली, तेव्हा तो शेवटचा धावबाद रॉन लोव्हिट यांनी टिपला, तोही हातात एकच प्लेट उरलेली असताना. आज बटण दाबून धरलं की सेकंदाला दहा-वीस फोटो निघतात. त्यांच्याकडे होती ती फक्त नजर. खेळ माहीत असेल तरच क्षण आधी कळतो.

आता आकडा. आमच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १०,००० मीटर ३१ मिनिटं ५१ सेकंदांत धावली आणि रौप्यपदक घेऊन आली. म्हणजे सेकंदाला सव्वापाच मीटर. शटर १/३० ठेवलं तर तेवढ्यात ती सतरा सेंटिमीटर पुढे जाते, फोटोत नुसता धूर! १/१००० ला जेमतेम अर्धा सेंटिमीटर. पुढे येणारा पाय तर अंगाच्या दुप्पट वेगाने येतो. म्हणून धावण्याला आणि खो-खोला १/१०००, कबड्डीला १/५०० ते १/८००. ॲपर्चर २.८ किंवा ४, फोकस सतत पाठलाग करणारा, नेम चेहऱ्यावर. आमच्याकडे डोंगराआड ऊन लवकर जातं, तेव्हा आयएसओ बेलाशक १६०० च्या वर न्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. मोबाईल अंधारात आपणहून शटर लांबवतो, म्हणून त्याने काढायचं तर ऊन असतानाच.

एकदा मात्र उलटं करून बघा. शटर १/३० ठेवा आणि धावणाऱ्या पोरीबरोबर कॅमेरा फिरवा. डोंगर, झाडं, माणसं सगळी पुसली जातात आणि ती एकटी स्पष्ट उरते. दहात एखादाच जमतो, पण वेग दिसतो तो त्यात. १/२००० ला धावपटू पुतळ्यासारखा हवेत टांगलेला राहतो.

एवढं सगळं हाती असून आपल्या तालुक्यांतल्या शाळांच्या भिंतींवर काय दिसतं? ट्रॉफी, प्रमुख पाहुणे आणि ओळीत उभी मुलं. प्लेट कधीच वेगवान झाली, आपण अजून तसेच उभे आहोत. अनवाणी पायांनी तांबडी धूळ उडवत धावलेली पोर त्या फोटोत कुठेच नसते. ती जिंकली हे कळतं, कशी धावली ते कळत नाही. आणि शेवटून दुसरा आलेला? त्याचा तर फोटोच नाही.

ट्रॉफीचा फोटोही काढा, नाही म्हणत नाही. पण आधी गुडघे टेकून धावपट्टीच्या टोकाला बसा, आणि सगळ्यात शेवटचा पोर रेषा ओलांडेपर्यंत उठू नका.