पखालजी कुठाय?

दिवाळीला कन्हेरीला आलो तेव्हा लॅपटॉपच्या बॅगेत चपलांचा एक खोकाही होता. आत फोममध्ये रोवलेले प्लॅस्टिकचे ऑर्क. पुण्यात दर रविवारी मी हे रंगवत बसतो. आईनं त्यातला एक उचलून पाहिला. "ह्यो राक्षस कुणाच्या किल्ल्यावर ठिवायचा?"

प्रश्न बरोबर होता. अंगणात भाच्याचा किल्ला तयार होता आणि त्यावर बाजारातले मावळे. सगळे एकाच साच्यातले, एकाच रंगाचे.

खेळण्यातल्या लढाईचा इतिहास तसा युरोपातला. प्रशियातल्या राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्यानं 1824 मध्ये नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम छापले. 1913 मध्ये एच. जी. वेल्सनं घरातल्या फरशीवर खेळायच्या लढाईचं पुस्तक लिहिलं. 1983 मध्ये इंग्लंडमध्ये वॉरहॅमर आला, त्यात ऑर्क आले. या खेळात आर्मी लिस्ट लागते: कोणत्या तुकडीत किती, त्यांच्यावर कोण, सोबत काय.

मग मराठ्यांची लिस्ट? ती तर तयारच आहे. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीला बखर लिहिली, तिच्यात शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना आहे. 25 राऊतांवर एक हवालदार, 5 हवालदारांवर एक जुमलेदार. आणि दर 25 घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद.

मी इथं थांबलो. पखाल म्हणजे बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी कातड्याची पाण्याची पिशवी. ती भरून आणणारा तो पखालजी. नालबंद घोड्यांना नाल ठोकतो. लहानपणापासून इतके किल्ले केले, पण हे दोघं मी कुठल्याच किल्ल्यावर पाहिले नव्हते.

आमच्याच तालुक्यातलं सुपे घ्या. 1656 मध्ये महाराजांनी ते मोहिते मामांकडून घेतलं, तेव्हा पागेत 300 घोडे मिळाल्याचं सभासद सांगतो. सभासदाच्या हिशोबानं त्यांना 12 पखालजी आणि 12 नालबंद लागणार. सुप्याकडं आजही उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तिथं 300 घोड्यांचं पाणी ही काय चीज असेल, हे बारामतीकराला समजावून सांगायला नको.

रंगाचंही तेच. ऑर्क रंगवताना मी आधी सगळ्यांच्या विजारी, मग सगळ्यांचे पट्टे असं उरकतो. बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, पण शिलेदार स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन यायचा. एकसारखा गणवेश आणि कवायत पुढं महादजी शिंद्यांच्या कंपूंत दिसते, 1784 नंतर, द बॉयनच्या हाताखाली. म्हणजे इथं प्रत्येक माणूस वेगळा रंगवायचा. एका रात्रीत माझे चार झाले, मान मात्र गेली.

पखालजी कुठं विकत मिळेना. शेवटी जुन्या किल्ल्यातला मातीचा बैल शोधला, त्याच्या दोन्ही अंगांना एम-सीलच्या पिशव्या लावल्या, तपकिरी रंग दिला, वर काळपट पाणी सोडलं. शेजारी एक मावळा उभा केला, त्याची तलवार कापून. बैल मावळ्याच्या मानानं फारच थोराड दिसतो, पण दिवाळीच्या किल्ल्यावर वाघही बुरुजाएवढाच असतो.

भाच्यानं त्याला तळ्याकाठी ठेवलं. मग खोक्यातला एक ऑर्क उचलून दरवाज्याबाहेर उभा केला.

"मामा, शत्रू कुणीच नव्हता की इथं."