घाटाखालची पाकविद्या

अकोल्याहून वाशीमकडे जाणारा रस्ता डोंगरात शिरण्यापूर्वी ज्या कसब्यातून जातो, त्या पातूरची, जुन्या दफ्तरांतून 'पातूर शेख बाबू' या नावाने वावरलेल्या आणि शेख बाबूंच्या दर्ग्याइतकीच टेकडीत कोरलेल्या प्राचीन लेण्यांसाठीही ओळखल्या जाणाऱ्या गावाची, हकिकत लिहिणाऱ्यांनी लेणी पाहिली, दर्गा पाहिला, वसूल पाहिला. चूल मात्र पाहिली नाही. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या अमलाखाली आलेल्या वऱ्हाडच्या जमाबंदीचा आणि कापसाचा तपशील कारकुनांनी मोठ्या निगुतीने लिहून ठेवला, पण या मुलखातल्या घराघरांत लग्न होऊन येणाऱ्या मुली आपल्याबरोबर कोणती पाकविद्या घेऊन आल्या, याची फर्द कोणी केली नाही. कारकून जेवत होते, एवढे गृहीत धरावयास हरकत नसावी.

वऱ्हाडचे पयनघाट आणि बालाघाट असे दोन स्वाभाविक विभाग पूर्वापार मानले गेले आहेत, आणि पातूर वसले आहे ते नेमके या दोहोंच्या सांध्यावर. त्यामुळे येथे सोयरिकी खालच्या काळ्या, कपाशीच्या मुलखाशी होत, तशाच घाटावरच्या गावांशीही होत. आणि प्रत्येक सोयरिकीबरोबर एखादी कढी, एखादे आलन, सरगुंडे वळण्याची एखादी निराळी रीत घाट चढत वा उतरत असे. ही देवघेव बिनबोभाट चाले, तरी तिला नियम नव्हते असे नव्हे. नव्या सुनेला पाकक्रिया सांगितली जात नसे. तिला प्रथम काम सांगितले जाई.

त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे उन्हाळ्यातल्या कुरोड्या, म्हणजे इतरत्र ज्यांना कुरडया म्हणतात त्या. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या, अशी पाळीपाळीने आळीतल्या बायका जमण्याची वहिवाट होती. गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग ते वाटून, धुऊन, फडक्याने गाळून चीक काढावयाचा, रात्रभर तो निवळू द्यावयाचा, आणि पहाटे वरचे आंबूस पाणी ओतून देऊन, मिठाच्या आधणात तो घालून एकीने धार धरावयाची व दुसरीने न थांबता ढवळावयाचे. नवी सून पहिल्या वर्षी पाणी बदले आणि बाजेवर लुगडे अंथरी. पुढे केव्हातरी तिच्या हाती सोऱ्या येई. आणि चीक शिजला की नाही, हे ओला हात लावून पाहण्याचा मान तिला फार उशिरा मिळे. हाताला न चिकटणारा, काचेसारखी झाक आलेला चीक शिजला, हे वाक्य सांगावयास सोपे. परंतु ती झाक ओळखणारा डोळा शब्दांनी देता येत नाही. मग एखाद्या सकाळी कोणी सहज विचारी, "तुह्या माहेरी कसं करतात वं बाई?" माझ्या मते आळीतला तिचा खरा प्रवेश या प्रश्नाने होई, कारण आता तिच्याकडून केवळ हात नव्हे, ज्ञानही मागितले जात होते.

पाकविद्या लिहून ठेवण्याची परंपरा मराठी मंडळींना नवी नव्हती. तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाने सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्तांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला होता. पण तो राजाश्रयाचा मामला. सर्वसामान्य गृहिणीपर्यंत पोहोचला तो छापखाना: १८७५ चे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र', मग १९१० चे लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया', १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले 'स्त्री' मासिक, आणि १९७० साली प्रसिद्ध झालेली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा'. आगगाडी १८६७ सालापर्यंत अकोल्यावरून नागपूरला पोहोचलीच होती. टपालाने पुस्तक मागवणे अवघड राहिले नाही. आता पाणी न बदलता, सोऱ्या न दाबता, कोणाचीही मर्जी न राखता एखाद्या मुलीला शंभर पाकक्रिया वाचता येऊ लागल्या, आणि सासूपासून दूर, नोकरीच्या गावी संसार मांडणाऱ्या जोडप्यांना तर हा मोठाच आधार होता. कमलाबाईंनी वाटी-चमच्याचे माप देऊन 'अंदाजाने' या जुलमी शब्दाची सत्ता पुष्कळच संपुष्टात आणली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तथापि या पुस्तकांचे माहेर मुंबई किंवा कृष्णाकाठ. धुरंधरबाईंच्या पाठारे प्रभू घरातली मासळी समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या पातूरच्या वाचकिणीने काय करावी? तिने साहजिकच पुस्तकाबरोबर आपली वहीही चालू ठेवली. अशा घरगुती वह्यांची रीत छापील पुस्तकाहून निराळी असते: पाकक्रियेच्या डोक्यावर पदार्थाचे नाव असते, त्यापुढे ती देणारीचे, 'वाशीमच्या मामीची गोळ्याची कढी', 'बाळापूरच्या वन्संची पातोडी' असे, आणि खालच्या मजकुरात माप अर्धे, खाणाखुणाच अधिक. रोडगे कसे भाजावेत हे मात्र अशा वह्यांत क्वचितच आढळते. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजण्याचे काम नवसाच्या जेवणात बहुधा पुरुषांकडे असे, आणि त्यांनी आपली विद्या लिहून ठेवण्याची तसदी घेतलेली दिसत नाही.