विषयामागील बिरुद

सुरत म्हटली की तापीकाठच्या वखारी आणि जरीकाम डोळ्यांपुढे येते. परंतु विद्यापीठे अभ्यासविषयांना जी ‘आवश्यक’, ‘ऐच्छिक’, ‘प्रधान’ अशी बिरुदे लावतात, त्यांचे मर्म जाणण्यासही हीच नगरी उपयोगी पडते.

मराठीचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेस अध्यापक होते. तेथेच १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी प्रभृतींसमवेत त्यांनी मानवधर्म सभा स्थापिली. देशभाषांतून गंभीर विचार मांडता येतो, हे त्या पिढीने दाखवून दिले. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठानेही आरंभी आपल्या परीक्षांत देशभाषांना जागा दिली होती. पुढे मात्र ‘अभिजात’ हे बिरुद ज्यांस लाभले त्या संस्कृत, लॅटिन आदी भाषा वरच्या पंक्तीस बसल्या, आणि मराठी-गुजराती पदवीच्या अभ्यासक्रमातून उठल्या. सुरतेच्या नर्मदाशंकरांचा ‘नर्मकोश’ १८७३ मध्ये निघाला, तेव्हा त्यांच्या मातृभाषेची अवस्था ही होती! न्यायमूर्ती रानड्यांनी हा प्रश्न चिकाटीने लावून धरला, म्हणून १९०१ साली देशभाषांना एम. ए. च्या परीक्षेत प्रवेश मिळाला.

कोकणीची वाट याहून लांबची. साहित्य अकादमीने तिला १९७५ मध्ये मान्यता दिली, आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टात ती १९९२ साली आली. बिरुदावाचून भाषा जगते खरी, पण तिला अध्यापक, ग्रंथ आणि विद्यार्थी मिळणे दुष्कर होते.

सुरतेत १९६५ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण गुजरात विद्यापीठास पुढे वीर नर्मदांचेच नाव देण्यात आले, हा काळाचा न्यायच होय. बिरुदांचा महिमा मात्र ओसरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक आहेत. त्यांत ‘प्रधान’ विषयास किमान ६०, ‘गौण’ विषयास २४, तर भाषांच्या ‘क्षमतावर्धक’ गटास अवघे ८. म्हणजे तीच मराठी वा गुजराती एका रकान्यात साधनेचा विषय ठरते, तर दुसऱ्यात केवळ सोपस्कार.

उत्सवात पालखीपुढे कोणी चालावे याचा क्रम आपण जिवापाड जपतो. मुलांच्या प्रवेशपत्रिकेत मातृभाषा कोणत्या रकान्यात पडते, हेही तितक्याच जागरूकतेने पाहावे, असे आम्हांस वाटते.