घरी जाण्याचा मौसम

परभणी जिल्ह्यातल्या पेडगावच्या माणसाने खलाशांविषयी बोलावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. आमच्यापासून समुद्र शेकडो मैल दूर. पण हंगाम संपल्यावर घराकडे परतणारी माणसे आम्ही मराठवाड्यात दरसाल पाहतो. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे मिरगाच्या आधी ट्रक-ट्रॅक्टरमधून गावी येतात. कोकणच्या किनाऱ्यावरही शेकडो वर्षे हेच होत आले. फक्त तिथल्या हातात कोयत्याऐवजी शिडाचा दोर होता.

‘मौसम’ हा मूळचा अरबी शब्द. ठरलेली वेळ, हंगाम, असा त्याचा अर्थ. इंग्रजीतला ‘मान्सून’ पोर्तुगीजांच्या मार्गाने त्यातूनच आला. हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्याने अरबस्तान आणि आफ्रिकेकडे जायचे आणि नैऋत्येचा वारा धरून परतायचे, हे शिडाच्या जहाजाचे गणित. ज्येष्ठात दर्या खवळला की कोकणातली बंदरे बंद होत. गलबते, मचवे किनाऱ्यावर ओढून शाकारले जात. नाखवा, तांडेल, खलाशी आपापल्या गावी जात आणि तिथे भाताची लावणी त्यांची वाट पाहत असे. समुद्र मिटण्याची आणि शेत उघडण्याची वेळ एकच होती. श्रावणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की पुन्हा शिडे चढत.

राजसत्तेलाही हा नियम मोडता येत नव्हता. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग, दौलतखान असे नामांकित सरदार होते, पण पावसापुढे त्यांचीही जहाजे थांबत. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त पावसाळ्यात आरमाराची छावणी कशी करावी, याचे नियम सांगितले गेले. जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईला माझगावजवळ आसरा घेई. त्यावरून महाराज आणि इंग्रज यांच्यात कटकटी झाल्या.

मग वाफेची जहाजे आली. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि बोटी बारमाही धावू लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदुस्थानातले सुमारे 50 हजार खलाशी होते. रत्नागिरीकडचे हिंदू आणि मुसलमान डेकवर, गोव्याचे ख्रिस्ती बहुधा भटारखान्यात आणि खानपानाच्या कामावर. त्यांचे करार वेगळे आणि पगार गोऱ्या खलाशांपेक्षा फार कमी. आता घरी कधी जायचे, हे वारा ठरवत नव्हता, कागद ठरवत होता. करार संपला की मुंबईत उतरायचे, घरी जायचे आणि पुढची बोट मिळावी म्हणून पुन्हा मुंबईत येऊन थांबायचे. काम मिळवून देणाऱ्या दलालाचे कर्ज डोक्यावर असेच. आमच्याकडे मुकादमाची उचल असते, तसेच ते.

या दोन प्रवासांमधल्या दिवसांसाठी गोव्याच्या लोकांनी मुंबईत धोबी तलाव, माझगाव भागात गावागावांचे ‘कूड’ उभारले. एका गावाची एक जागा. तिथे ट्रंक ठेवायची, देवाचे नाव घ्यायचे, गावची खबर ऐकायची. घर अजून लांब असले, तरी त्याचा उंबरठा तिथूनच सुरू होई.

खलाशाला घरी पोचवण्याची जबाबदारी कायद्याने मान्य व्हायला पुष्कळ काळ गेला. 1926 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने याविषयीचा करार संमत केला. 2006 च्या सागरी कामगार कराराने तो हक्क अधिक पक्का केला आणि सलग नोकरीला 12 महिन्यांच्या आतली मर्यादा घातली. भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला.

तरीही 2020 मध्ये कोरोनाने बंदरे मिटली, तेव्हा करार संपूनही जगभरातले सुमारे 4 लाख खलाशी जहाजांवरच अडकले. नवे लोक चढू शकत नव्हते आणि जुन्यांना उतरता येत नव्हते. त्याच वसंतात आमचे ऊसतोड कामगारही साखर कारखान्यांच्या आवारात, पालांत अडकून होते. शिडांच्या काळी प्रवास जिवावरचा होता. वादळात गेलेल्या गलबतांची मोजदादही नाही. तो काळ परत यावा, असे मी म्हणणार नाही. पण पावसाने दिलेली रजा कोणत्याही मालकाला नाकारता येत नव्हती. माणसांनी दिलेली रजा मात्र माणसांनाच पाळावी लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)