न सरलेला सप्टेंबर

समाज एका गांवांत राहिल्यानें होतो, अशी आपली जुनी समजूत आहे. जे एकमेकांस कधीं पाहत नाहींत, ज्यांचा आवाजहि एकमेकांच्या कानीं पडत नाहीं, अशा इंटरनेटवरील मंडळींस समाज म्हणावें काय? या प्रश्नाचें उत्तर तर्कापेक्षां इतिहासांत शोधणें आम्हांस अधिक बरें वाटतें. आणि तो इतिहास फार जुना नाहीं.

१९७९ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनीं, संगणक टेलिफोनच्या तारेनें जोडून परस्परांस पत्रें पोंचविण्याची योजना आंखली. पुढील वर्षीं ती 'यूझनेट' या नांवानें लोकांपुढें आली. तिला मालक नव्हता, मुख्य कचेरीहि नव्हती. एका ठिकाणीं लिहिलेलें पत्र शेजारच्या संगणकाकडे, तेथून पुढच्याकडे, असें हातोहात जाई, आणि विषयवार गटांतून सर्वांस वाचावयास मिळे.

येथें माणसाची ओळख त्याच्या लेखणीवरून होई. रूप, वय, पोशाख यांपैकीं कांहींच डोळ्यांस दिसत नसल्यामुळें, नेमकें उत्तर देणाऱ्याचा मान वाढे व बाष्कळ लिहिणाऱ्याचा उतरे. हळूहळू रीतिरिवाज रूढ झाले. प्रश्न विचारण्यापूर्वीं जुनीं पत्रें वाचावीं. नेहमींच्या प्रश्नांचीं उत्तरें एकत्र करून ठेवावीं. पलीकडे माणूसच आहे हें विसरूं नये. मराठी भाषिकांचाहि एक गट पुढें या जाळ्यावर निघाला. देवनागरीची सोय नसल्यामुळें तेथें मराठी रोमन अक्षरांत लिहीत. लिपि सुटली तरी भाषेचें नातें सुटलें नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

दर सप्टेंबरांत अमेरिकन विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि या जाळ्यावर त्यांची गर्दी उसळे. कांहीं दिवस धांदल चाले. मग जुने लोक रागावून, थट्टा करून, प्रसंगीं समजावून त्यांस वळण लावीत. परंतु १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनीं आपल्या ग्राहकांस हें दार उघडून दिलें, आणि नवागतांचा ओघ थांबेना. जुन्यांनीं त्या काळास 'न संपणारा सप्टेंबर' असें नांव दिलें.

या नांवांत दुःख आहे, तसा अहंकारहि आहे. जुने रहिवासी बहुतेक विद्यापीठांतले व प्रयोगशाळांतले. ज्यास ते सभ्यता म्हणत, ती कांहीं अंशीं त्यांच्या वर्गाभोंवतींची भिंतच होती. नव्यांचा अपराध एवढाच कीं, ते पुष्कळ होते व एकदम आले. दार उघडलें हें आमच्या मतें योग्यच झालें. आंत येणाऱ्यांस हात धरून नेण्याची तजवीज उघडणाऱ्यांनीं केली नाहीं, हें चुकलें. नवीन माणसास शिकविण्याची ज्याची शक्ति संपते, त्या समाजाची गर्दी होते. मग तो गांवांत असो वा तारेवर.

२०२४ च्या फेब्रुवारींत गूगलनें आपल्याकडून होणारी यूझनेटच्या नव्या पत्रांची देवघेव बंद केली. तिच्या संग्रहांत आतां जुनीं पत्रें तेवढीं उरलीं. इकडे आपल्या मुलांच्या हातांत तसले कितीतरी समाज आले आहेत, आणि त्यांत प्रवेश क्षणांत मिळतो. चुकलें तर चुकलें असें मायेनें सांगणारें तेथें कोणी आहे काय, हें आईबापांनीं एकदां तरी विचारून पाहावें.